‘हिने स्वतः विणले’

विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या त्या बाईचा मला अजून राग आहे. तिनं माझ्या विणायच्या सुया काढून घ्यायला हव्या होत्या. तेवढ्यासाठी तर मी त्या हातातल्या पिशवीत अगदी वरच, कुणालाही दिसतील अशा ठेवल्या होत्या. लोक विमानतळावर वस्तू काढून घेतल्या म्हणून भांडतात. मी मात्र तिनं त्या घेतल्या नाहीत म्हणून मनातल्या मनात तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

असं का, ते सांगायचं तर माझ्या लग्नापासून सुरुवात करायला हवी.

माझं माहेर आण्याचं, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला पठारावर. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर टँकर. सासर खाली आळ्याला. कालव्याचं पाणी, ऊस, कांदा, टोमॅटो. मधे एक घाट आणि एस.टी.चा पाऊण तास. पण आळ्याची माणसं आण्याच्या माणसांशी नेहमी वरून बोलतात. खरं म्हणजे वर राहतो आम्ही.

लग्न नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झालं. मांडवात रुखवत मांडलं होतं. मोत्यांचे पोपट, काड्यापेटीचा बंगला, लोकरीचं तोरण, आणि प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, की हे नवरीनं स्वतः केलंय. यातल्या निम्म्या वस्तू गावात फिरत्या असतात, मागच्या लग्नात त्यांच्याखाली दुसरीचं नाव असतं. बघायला येणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक असतं, तरी त्या चिठ्ठ्या वाचत, माना डोलावत पुढं सरकतात. मला हा प्रकार तेव्हाही आवडत नव्हता. पण माझ्या रुखवतातली सगळ्यात नावाजलेली वस्तू काही उसनी आणलेली नव्हती. ती सरळ सरळ चोरलेली होती.

पिवळ्या लोकरीचा बाळाचा संच होता तो. टोपडं, स्वेटर आणि पायमोजे. टोपड्याला पानापानांची नक्षी, स्वेटरची वीण इतकी एकसारखी की बायका हात लावून बघत होत्या. तो विणला होता माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं.

अक्काला मंचरच्या पुढं दिली होती. चार वर्षं मूल झालं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याला तपासायचं कुणी नावच काढलं नाही. एका वर्षी ती पंचमीला माहेरी आली. न्यायला कुणी आलं नाही ते आलंच नाही, आणि वर्षभरात त्यानं दुसरी केली. तेव्हापासून ती आण्यात आमच्या पडवीत बसून विणायची. शाळेतल्या एका बाईंनी तिला सुया धरायला शिकवलं होतं, पुढचं सगळं तिचं तिनं शोधून काढलं. सायकलच्या तारा घासून सुया करायची आणि जुने स्वेटर उसवून लोकर काढायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवत मांडताना आई आणि चुलती कुजबुजायला लागल्या. टाकून दिलेल्या, मूल न झालेल्या बाईच्या हातचं बाळाचं कापड नवरीच्या रुखवतात चालेल का, असा प्रश्न होता. वस्तू तर सोडवत नव्हती. चुलती म्हणाली, “कुणी इनलं ते कुणाला दिसतंय? चिठ्ठी लाव हिच्या नावाची.” अक्का तिथंच बसली होती. घरात अक्षर तिचं सगळ्यात चांगलं, म्हणून ती चिठ्ठीही तिच्याकडूनच लिहून घेतली. तिनं स्केचपेननं माझं नाव लिहिलं, पुढं ‘हिने स्वतः विणले’ असं लिहिलं आणि खाली वेल काढली.

मी शेजारी मेंदीचे हात वर धरून बसले होते. मला तोंड होतं. आजवर ते कधी गप्प बसलेलं नाही, त्या दिवशी बसलं.

मला विणता येत नाही. अक्कानं शिकवायचा प्रयत्न केला होता, पण मी टाका असा ओढायचे की सुई बाहेर निघायची नाही. आठवडाभरानं तिनं सुया काढून घेतल्या आणि म्हणाली, “तुझा हात रागीट हाय. इनकामाला न्हाई चालत.” त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. कुणाला येतं, कुणाला येत नाही.

सासरी गेल्यावर त्या चिठ्ठीनं माझा पिच्छा पुरवला. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. या आत्या रुखवतापाशी सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहिल्या होत्या. पहिल्याच थंडीत त्यांनी लोकरीचे गुंडे माझ्यापुढं टाकले. “इन बरं माला एक. चाकलेटी.” मी म्हणाले, इथं कामातून वेळ कुठं मिळतो, माहेरी जाऊन विणते. आत्यांना सून माहेरी गेलेली खपायची नाही, पण स्वेटर हवा होता. त्यांनी आठ दिवस सोडलं. मी आण्यात आठ दिवस झोपून काढले, आणि अक्कानं समोरून बटणं लागणारा, दोन खिशांचा चॉकलेटी स्वेटर विणून माझ्या पिशवीत घातला.

मग तसंच चालू झालं. नवऱ्याचा स्वेटर, दिरांचा, माझा मुलगा झाल्यावर त्याचे दर वर्षी वाढत्या मापाचे. प्रत्येक स्वेटर म्हणजे मला माहेरचे आठ दिवस. जावांना दिवाळीचे चार दिवस मिळायची मारामार, मी वर्षातून दोनदा जाऊन यायचे. अक्काच्या बोटांवर मी सुट्ट्या खाल्ल्या. हे लिहिताना माझं मलाच वंगाळ वाटतं, पण तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त आत्यांना फसवल्याचा आनंद होता.

आत्या फसवण्याच्याच लायकीच्या होत्या. भाकरी करपली तर “आण्याला चूल न्हाई का,” मीठ जास्त झालं तर “पठारावर पाणी न्हाई, मीठ तेवढं लई.” माझ्या बहिणीबद्दल त्या बोलायच्याच नाहीत. घरात कुणाचं बारसं, डोहाळजेवण असलं की मला आदल्या दिवशी सांगायच्या, “तुझ्या आईला बोलव. येकलीलाच.” तेवढ्यावरून जे कळायचं ते कळायचं.

नऊ वर्षं अशी गेली. मग माझ्या नणंदेला दिवस गेले. ती लंडनच्या बाहेर कुठंतरी राहायची, नवरा कॉम्प्युटरमध्ये. बाळंतपणाला आत्यांनी जायचं ठरलं. त्यांना एकटीला इंग्रजी पाट्या कोण वाचून दाखवणार आणि तिथं स्वयंपाक कोण करणार, म्हणून मला सोबत धाडलं. नवरा कांद्याच्या काढणीमुळं अडकला होता. सात आठवडे तिथं आत्यांबरोबर राहायचं, या विचारानंच माझं डोकं उठलं होतं. त्यात त्यांनी फर्मान काढलं. “रुखवतातल्यासारखं पिवळं इनायचं लेकीच्या बाळाला. तसंच पाह्यजे.”

रुखवतातला संच माझ्या मुलानं घालून फाडला होता. मी आण्यात निरोप धाडला आणि अक्कानं विणायला घेतलं. आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी त्याचं कापड पुरं करत नाहीत. सगळं विणायचं, पण शेवटची ओळ सुईवर तशीच ठेवायची. बाळ सुखरूप आलं की मग टाके बंद करायचे. अक्का ते काटेकोरपणे पाळायची. तिला कुणी काही पाळायला शिल्लक ठेवलं नव्हतं तरी.

तेवढ्यात नणंदेच्या डॉक्टरांनी तारीख अलीकडं आणली आणि आमची तिकिटं पंधरा दिवस आधीची निघाली. अक्काचं टोपडं आणि मोजे शेवटच्या ओळीपर्यंत झाले होते, पण स्वेटरच्या गळ्याची पट्टी राहिली होती. बारा ओळी. शेजारच्यांच्या फोनवर मी तिला म्हणाले, राहू दे, अमेरिकेत ते विमानांचं झाल्यापासून सुया-कात्र्या काढून घेतात म्हणे, विमानात काही विणता येणार नाही. हे बोलताना मला केवढं हायसं वाटत होतं. आत्या आधीच म्हणत होत्या, “धा तास नुसतं बसायचंय तर इनून टाक तितंच.” सुया जप्त झाल्या की प्रश्न मिटला. तिथं गेल्यावर थंडी, काम, बाळ, काहीतरी कारण काढलं असतं.

पण अक्का ती अक्काच. माझा भाऊ मोटारसायकलवरून पिशवी घेऊन आला, आत बघते तर स्वेटर बांबूच्या सुयांवर चढवलेला. सुया काढून घेतात हे ऐकून तिनं बेल्ह्याच्या बाजारात बुरडाला गाठून बांबूच्या चार सुया तासून घेतल्या होत्या. त्या काचेसारख्या गुळगुळीत केल्या होत्या आणि सगळे टाके एकेक करून त्यांच्यावर घेतले होते. सोबत एक चिठ्ठी होती. ‘दोन सुलट, दोन उलट. बारा ओळी. घट्ट ओढू नकोस.’ अक्षर तसंच, वळणदार. मी सुया हातात घेऊन कपाळाला हात लावला. तरी म्हटलं, सुई ती सुई. बांबूची असली म्हणून काय झालं.

आम्ही सकाळी आळ्याहून जीपनं निघालो, दुपारच्या विमानाला पोचलो. तपासणीला माझी पिशवी यंत्रातून गेली आणि थांबली. मला बरं वाटलं. त्या बाईनं पिशवी उघडून लहान कात्री काढून बाजूला टाकली. मग सुया उचलल्या, बोटानं वाकवून बघितल्या.

“बांबूच्या आहेत का? स्टीलच्या असत्या तर ठेवून घेतल्या असत्या. घेऊन जा.”

“ठेवून घ्या की,” मी म्हणाले.

“काय?”

“काही नाही.”

“कुणासाठी विणताय? बाळासाठी?” असं विचारून ती चक्क हसली आणि तिनं पिशवीची चेन स्वतः लावून दिली. मायाळू माणसं नको तिथं भेटतात.

मागं आत्यांचा वेगळाच गोंधळ झाला होता. त्यांच्या कमरेला पानाची चंची होती. यंत्रानं आवाज केला, चंची सोडायला लावली आणि आतून अडकित्ता निघाला. चांगला वीतभर, पितळी मुठीचा. आमच्या घरात एकालाही हे सुचलं नव्हतं, कारण आत्यांच्या कमरेला चंची असते हे आम्हाला त्यांच्या नाकासारखं झालं होतं. त्या बाईनं अडकित्ता डब्यात टाकला.

“त्यो माझ्या सासूचा हाय,” आत्या म्हणाल्या. “आजवर सुपारीशिवाय काय कातरलं न्हाई त्येनं.”

“आजी, नाही चालत.”

“आन् हिच्या एवढाल्या सुया चालत्यात?”

बाईनं हात पुढं केला, पुढच्या माणसाला बोलावलं. आत्या तिथून हलेनात. मला त्यांना दंडाला धरून ओढावं लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाईट वाटलं नाही, हे मी कबूल करते. विमानात बसेपर्यंत त्या एकच वाक्य घोकत होत्या. “तू सांगायचं व्हतं. तुला म्हाईत व्हतं सुया-बिया काढत्यात ते, तू सांगायचं व्हतं.” ते मात्र खरं होतं. मला माझ्या सुयांपलीकडं काही सुचलंच नव्हतं.

आत्यांना खिडकी मिळाली, मला मधली जागा. माझ्या दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ बसले होते, ते लगेच झोपले. विमान वर गेलं तसं गार व्हायला लागलं आणि आत्यांनी पिशवीतून चॉकलेटी स्वेटर काढून अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली. नऊ वर्षांत त्याचा एक टाका सुटला नव्हता. मग खिडकीबाहेर दोन मिनिटं बघितलं, ढगांचा कंटाळा आला, आणि माझ्याकडे वळल्या.

“काढ की आता ते. का माझा अडकित्ता फुकट गेला?”

अडकित्त्याचा आणि विणकामाचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. पण दहा तास होते आणि जायला जागा नव्हती. घरी मी चुलीमागं गेले असते, गोठ्यात गेले असते, डोकं दुखतंय म्हणाले असते. इथं कमरेला पट्टा आणि उजवीकडं आत्या. मी आधी संडासला जाऊन आले. त्या एवढ्याशा खोलीत उभी राहून अक्काची चिठ्ठी तीनदा वाचली, पाठ केली आणि चोळीत खोचली.

परत येऊन सुया हातात घेतल्या. दोन सुलट मला आठवत होते. उलट टाका आठवत नव्हता. मी तोंडानं पुटपुटत, धागा कधी पुढून कधी मागून घेत ओळ पुरी केली. आत्या बघत होत्या. दुसरी ओळ केली. घाम फुटला. टाके सुईला असे आवळून बसले की सरकवायला नखं लावावी लागत होती. तिसऱ्या ओळीत एक टाका गळला आणि खाली उतरत गेला, तो मी गाठ मारून थांबवला. जेवण आलं, जेवण गेलं. चौथी ओळ झाली. मला अक्काचा राग यायला लागला, कुणी सांगितलं होतं तिला बांबूच्या सुया करायला. पाचवी ओळ मी निव्वळ त्या रागावर विणली.

आत्यांनी हात पुढं करून स्वेटर माझ्या मांडीवरून उचलला. त्यांना विणायला येत नव्हतं, पण अक्काच्या हातचं त्यांनी नऊ वर्षं अंगावर घातलं होतं, धुतलं होतं, घडी करून ठेवलं होतं. त्यांनी अंगठा आधी खालच्या विणीवरून फिरवला, मग माझ्या पाच ओळींवरून.

“हे खालचं येगळं हाय,” त्या म्हणाल्या. “वरचं येगळं. खालचं कुनी इनलं?”

मी म्हणू शकले असते की विमानात हात थरथरतात. म्हणू शकले असते की उजेड नाही. कारणं काढण्यात माझा हात कुणी धरला नसता. पण मला त्या क्षणी सगळ्याचाच वीट आला. त्यांचा, माझा, त्या पिवळ्या लोकरीचा.

“अक्कानं,” मी म्हणाले. “हे पण तिनंच आणि रुखवतातलं पण तिनंच. आजपर्यंत घरात आलेला एकेक स्वेटर तिनं विणलाय. मला येत नाही.”

आत्यांनी स्वेटर माझ्या मांडीवर टाकला, निखारा टाकावा तसा.

“त्या... तिनं?”

“हो.”

“नांदली न्हाई, कूस उजवली न्हाई, तिच्या हातचं माज्या लेकीच्या बाळाला घालायला निगालीस तू? तुला काय वाटतं का न्हाई?” त्यांचा आवाज चढला तसे पलीकडचे गृहस्थ जागे झाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. “बाळाच्या अंगाला लागू द्यायचं न्हाई ते. फेकून दे.”

“तुमच्या नातवाला लागलं की. सात वर्षं लागतंय, घोड्यासारखा वाढलाय.”

“ते मला म्हाईत नव्हतं.”

“आता माहीत झालं ना. मग तुमच्या अंगातला काढा.”

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खाली आपल्या छातीकडं बघितलं. हात गळ्याशी गेला. पहिलं बटण काढलं, दुसरं काढलं. वरच्या भोकातून गार वारा थेट त्यांच्या अंगावर येत होता. मी नुसती बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी आत्यांकडं असं सरळ कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या बटणाशी हात थांबला. मग त्यांनी दुसरं बटण लावलं, पहिलं लावलं आणि वरून विमानातलं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

“हे येगळं,” त्या खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या. “मोट्या मान्साचं येगळं असतं.”

बराच वेळ गेल्यावर, मी समजत होते त्यांना झोप लागली, तेव्हा पुन्हा आवाज आला. “तितं कुनाला बोलू नको.”

मी बोलले नाही. सात आठवडे बोलले नाही, हेच तर सांगायचंय. बाळ झालं, मुलगी, चांगली गुटगुटीत. नणंदेनं विचारलं, “वहिनी, तुझं ते पिवळं कुठंय?” मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, “सुया काढून घेतल्या की विमानतळावर. आन् माजा अडकित्ता.” अडकित्त्याचं खरं असल्यामुळं सुयांचंही खरं वाटलं. पोरीला दुकानातलं गुलाबी घातलं. पिवळा संच माझ्या बॅगेच्या तळाशी, साडीत गुंडाळून.

आणि आत्या त्या परमुलखातल्या थंडीत रोज चॉकलेटी स्वेटर घालून फिरल्या. नणंदेच्या ओळखीच्या मराठी बायका बाळ बघायला आल्या, त्यांनी स्वेटरला हात लावून विचारलं, घरी विणलाय का. आत्या म्हणाल्या, “सुनंनं इनलाय.” माझ्यासमोर, माझ्याकडं न बघता. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बायका माझ्याकडं वळून किती छान, किती छान करायला लागल्या. मी ट्रे पुढं केला आणि साखर किती, असं विचारलं.

का गप्प बसले? मला परत येऊन त्याच घरात राहायचं होतं. दुसरं काही कारण नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी आण्याला गेले. अक्का पडवीतच होती. मी संच तिच्या पुढ्यात ठेवला. तिला वाटलं होतं टाके बंद करून तो बाळाच्या अंगावर गेला असेल. बांबूच्या सुया तशाच बघून तिनं आधी माझ्याकडं बघितलं.

“बाळ बरं हाय ना?”

“बरंय. मुलगी झाली.”

“मग?”

मग मी सगळं सांगितलं. तपासणीची बाई, अडकित्ता, पाच ओळी, बटणं. बटणांचं सांगताना मला जरा रंगात आल्यासारखं झालं. मला वाटलं ती हसेल, निदान तिला बरं वाटेल. ती माझ्या पाच ओळी बोटानं चाचपत होती.

“रागानं इनलंयस,” ती म्हणाली. “म्हंजे तू सांगितलंस त्यांना. मी इनते ते.”

“सांगितलं. स्पष्ट सांगितलं.”

“इमानात.”

“हो.”

“आन् खाली उतरल्यावर? नणंदेला? त्या बायकांला?”

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

“तुझ्या नवऱ्याला?”

त्यालाही सांगितलं नव्हतं.

“म्हंजे जमिनीवर कुनालाच न्हाई,” अक्का म्हणाली. तिनं सुई ओढली. माझे टाके इतके घट्ट होते की सुई येईना, तिला ती फिरवत फिरवत काढावी लागली. मग तिनं धागा धरून माझ्या पाच ओळी उसवल्या. गाठीपाशी अडलं, तिथं दातानं तोडलं. तिचे स्वतःचे टाके आले तशी थांबली आणि ते पुन्हा एकेक करून सुईवर घेतले. मी म्हणाले, मी सांगते आता, सगळ्यांना सांगते, घरी जाऊन आजच सांगते. ती वर न बघता म्हणाली, “सांग न्हाईतर लिव. पन चिठ्ठी आता तू लिवायची. मी एकदा लिवलीय.”

नवऱ्याला मी त्याच आठवड्यात सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि मोटर चालू करायला गेला. जावांना सांगितलं, त्यांनी माझ्या माहेरच्या सुट्ट्या मोजल्या आणि महिनाभर बोलल्या नाहीत. आत्या तिथंच बसल्या होत्या, चॉकलेटी स्वेटर घालून, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर आमच्या घरात कुणी लोकर आणली नाही आणि मला माहेरी जायला इतरांसारखे दिवाळीचे चार दिवस मिळायला लागले. आत्यांनी मात्र तो स्वेटर मरेपर्यंत घातला.

लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. लिहून झालं तेव्हा आण्याला जाऊन अक्काला वाचून दाखवलं. तिनं सुया खाली न ठेवता ऐकलं. अडकित्त्यापाशी थोडी हसली, चिठ्ठीपाशी हसली नाही. संपल्यावर मी विचारलं, “यात तुझं नाव घालू का? पूर्ण, आडनावासकट?”

तिनं ओळ पुरी केली, मग सुई बदलली.

“माझं नको,” ती म्हणाली. “पन तुजंबी काढ.”

काढलं.